ढगांच्या जंगलातला लाल गुडघ्यांचा कोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, मोंतेवेर्देच्या डोंगरावर अंधार पडला की पायवाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीतून एखाद्या भोकाच्या तोंडाशी दोन नारिंगी गुडघे येऊन टेकतात. बाकीचं अंग काळं आणि मागचा अंधारही काळाच, त्यामुळे बराच वेळ गुडघेच दिसतात. त्या गुडघ्यांच्या मालकिणीबद्दल लोक हमखास विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली, काही एका ओळीत आटोपली. प्रश्नच तसे आहेत.

हा नेमका कोणता कोळी?

शास्त्रीय नाव मेगाफोबेमा मेसोमेलास. टॅरंटुलांच्या, म्हणजे मोठाल्या केसाळ कोळ्यांच्या, थेराफोसिडी या कुळातला, जमिनीत बीळ करून राहणारा, कोस्टा रिकाच्या डोंगराळ भागातला. अंग मखमली काळं, पोटावर लांब तांबूस केस आणि पायांच्या मधल्या पेरांवर, म्हणजे आपण गुडघा म्हणू त्या जागी, तांबूस-नारिंगी पट्टा. इंग्रजीत त्याला कोस्टा रिकाचा लाल पायांचा टॅरंटुला म्हणतात, तर काही जण नारिंगी गुडघ्यांचा म्हणतात. लाल की नारिंगी, यावर भांडण्यात अर्थ नाही. नुकतीच कात टाकलेला कोळी झगझगीत दिसतो आणि कात जुनी झाली की तोच रंग विटक्या विटेसारखा होतो.

पूर्ण वाढलेल्या मादीने पाय पसरले तर टोकापासून टोकापर्यंत साधारण १२ ते १५ सेंटीमीटर भरतात. मोठ्या माणसाचा तळहात झाकला जाईल एवढी.

नावाचा अर्थ काय?

ग्रीक भाषेत ‘मेसोस’ म्हणजे मध्य आणि ‘मेलास’ म्हणजे काळा, तेव्हा मेसोमेलास म्हणजे मध्ये काळा. ‘मेगा’ म्हणजे मोठा आणि ‘फोबेमा’ म्हणजे दहशत. थोडक्यात, मध्ये काळी असलेली मोठी दहशत! नाव ठेवणाऱ्यांनी जरा जास्तच केलं, कारण हा प्राणी आयुष्याचा बहुतेक काळ बिळात मागे सरकण्यात घालवतो.

जातीचं वर्णन १८९२ मध्ये ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी केलं. ते इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या ब्लॉक्सवर्थ गावचे पाद्री होते. चर्चचं काम सांभाळून जगभरातून आलेले कोळी तपासत बसणं हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. मेगाफोबेमा ही प्रजाती पुढे १९०१ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांनी मांडली.

‘टॅरंटुला’ हा शब्द कुठला?

इटलीतल्या तारांतो शहराचा. गंमत म्हणजे तिथला मूळ टॅरंटुला या कुळातला नव्हेच. तो लांडगा-कोळी. त्याच्या चाव्यावर अंगात आल्यासारखं नाचत राहणं हाच उपाय, अशी तिथे समजूत होती. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठाले केसाळ कोळी दिसले आणि ओळखीचं भीतीदायक नाव त्यांनी त्यांना चिकटवून टाकलं. आज नाव या कुळाचंच झालं आहे आणि तारांतोच्या कोळ्याला कोणी विचारत नाही.

ढगांचं जंगल म्हणजे पावसाचंच जंगल ना?

नाही. या कोळ्याचं सगळं गणित याच फरकावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

स्पॅनिशमध्ये या जंगलाला ‘बोस्के नुबोसो’ म्हणतात, ढगाळ जंगल. मोंतेवेर्दे तिलारान पर्वतरांगेच्या माथ्याजवळ आहे. पूर्वेकडून, कॅरिबियन समुद्रावरून, व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात. रांग आडवी आल्यावर त्यांना वर चढावं लागतं, वर गेली की हवा गार होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि माथ्यावर ढग टेकतो. ढग आकाशात असतो ही आपली सवयीची कल्पना इथे चालत नाही. इथे तो झाडांतून वाहत जातो.

वाहताना तो पानांवर, शेवाळावर, नेच्यांवर आणि आमरीच्या लोंबत्या मुळांवर बारीक थेंब सोडतो. पाऊस न पडताही झाडाखाली टपटप चालू असते. पर्जन्यमापकात न येणारं हे पाणी कोरड्या महिन्यांत फार मोलाचं ठरतं. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ. डोंगराची पश्चिमेकडची, पॅसिफिक बाजू पर्जन्यछायेत असल्याने तेव्हा पिवळी पडते आणि माथा मात्र हिरवा राहतो. काही किलोमीटरच्या अंतरात दोन वेगळी हवामानं.

आता तापमान. शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं आठवत असेल: साधारण दर १६५ मीटर उंचीला तापमान एका अंशाने उतरतं. मोंतेवेर्देचं जंगल समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे, म्हणजे किनाऱ्यापेक्षा नऊएक अंश कमी. किनाऱ्यावर २७ अंश सेल्सियस असेल तेव्हा इथे १८. उष्ण कटिबंधात असूनही रात्री स्वेटर लागतो. घनदाट, दमट, घाम काढणारं जंगल डोळ्यांसमोर आणून इथे येणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी कुडकुडतो.

तर हा कोळी जंगलाचा रहिवासी आहेच, पण त्याहून जास्त तो या गारव्याचा रहिवासी आहे. जंगल तेच ठेवून फक्त उष्णता वाढवली तर ती जागा त्याची राहत नाही.

एवढ्या गारठ्यात हा हालचाल तरी कशी करतो?

हळू. पण ‘हळू’मागे एक छान यंत्र आहे.

कोळ्याचे पाय आत ओढायला स्नायू असतात. काही मुख्य सांध्यांवर पाय बाहेर ताणायला मात्र स्नायूच नसतात. ते काम शरीरातलं द्रव करतं. शिरोवक्षात, म्हणजे डोकं आणि छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागात, दाब वाढला की द्रव पायांत शिरतं आणि पाय सरळ होतो. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत दुमडलेले असतात: दाब गेला, स्नायू राहिले.

या द्रवयंत्रणेवर तापमानाचा परिणाम होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेक्सासकडच्या टॅरंटुलांना वेगवेगळ्या तापमानांत पळवून पाहिलं. हवा तापली तसा त्यांचा वेग वाढला, पण एकाच पायातल्या सांध्यांचा आपापसातला ताळमेळ ढासळला. पाय इतके वेगाने हलू लागले की द्रवाचा दाब मागे पडला. तो प्रयोग सखल, कोरड्या मुलखातल्या जातीवरचा होता. डोंगरावरची आपली मंडळी त्या गरमागरमीच्या वाटेलाच जात नाहीत.

गारव्याचा दुसरा परिणाम भुकेवर होतो. कोळ्याचं शरीर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. आसपास गार तर शरीर गार, आणि गार शरीराला अन्न कमी लागतं. सगळा संसार सावकाश चालतो: वाढ सावकाश, कात सावकाश, म्हातारपणही सावकाश.

आणि श्वास?

पोटाच्या खालच्या बाजूला फुफ्फुसांच्या दोन जोड्या असतात. आत वहीच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक, त्यांच्या मधून हवा जाते. हे पडदे सुकले की संपलं, म्हणून ओलावा हवा. रक्त म्हणावं तर ते निळसर असतं, कारण आपल्या रक्तात लोहाचं जे काम आहे ते तिथे तांबं करतं.

तो राहतो कुठे? झाडावर की जमिनीत?

जमिनीत, बिळात. पायवाटा आणि रस्ते कापताना डोंगराच्या कडेला मातीच्या उभ्या दरडी तयार होतात. तशी दरड या कोळ्याला फार सोयीची पडते, कारण पावसाचं पाणी तोंडातून थेट आत शिरत नाही. बिळाच्या तोंडाशी रेशमाचं पातळ अस्तर असतं. ते जाळं नव्हे, त्यात कोणी अडकत नाही. त्याला दाराची घंटा म्हणा हवं तर. किडा त्यावरून चालला की थरथर आत बसलेल्या मालकिणीच्या पायांपर्यंत पोहोचते.

आठ डोळे असले तरी नजर यथातथाच. डोक्याच्या टोकाशी एका छोट्या उंचवट्यावर ते दाटीवाटीने बसवलेले असतात आणि उजेड-अंधार कळण्यापलीकडे त्यांचा फार उपयोग होत नाही. खरी इंद्रियं म्हणजे केस. पायांवर इतके नाजूक केस असतात की हवेतली हलकी झुळूकही त्यांना कळते.

मी ‘मालकीण’ म्हणतोय ते उगाच नाही. बिळात बसलेला मोठा कोळी बहुतेक वेळा मादी असते. एक बीळ ती वर्षानुवर्षं सोडत नाही. रात्रीच्या सफरी नेणारे वाटाडे त्यामुळेच बेधडक सांगू शकतात, ‘त्या वळणावर एक आहे.’ त्यांना बीळ पाठ असतं.

खातो काय?

जे दारावरून जाईल ते: रातकिडे, झुरळं, भुंगेरे, एखादा छोटा बेडूक. पाठलाग हा प्रकार नाही. दारात बसायचं, थरथर जाणवली की झेप, आणि पुन्हा आत. घन घास गिळणं जमत नाही. भक्ष्यावर पाचक रस ओतायचे, ते विरघळवायचं आणि पातळ झालेलं शोषून घ्यायचं. शेवटी उरते ती चोथ्याची गोळी, ती घराबाहेर टाकली जाते.

पोट भरलेलं असेल तर ती आठवडेच्या आठवडे काही खात नाही. पाणी मात्र लागतं. धुक्याच्या जंगलात त्याची ददात नसते.

पक्षी खातो का?

नाही. ही ख्याती दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या जातींमुळे आली. १७०५ मध्ये चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांनी सुरिनाममधला एक कोळी छोट्या पक्ष्यावर ताव मारताना रंगवला आणि १७५८ मध्ये, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने त्या प्रकारच्या कोळ्याच्या नावातच पक्षी घालून टाकला. तेव्हापासून अख्ख्या कुळाच्या माथी पक्षीखाऊपणाचा शिक्का बसला.

चावला तर माणूस मरतो का?

नाही. अमेरिका खंडातल्या टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. विष आहे, पण ते किड्यांसाठी. चावा दुखतो, कारण सुळे मोठे आहेत आणि ते वरून खाली, कुदळीसारखे घुसतात. जागा सुजते, लाल होते. जखम साबणाने धुवावी, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास जड झाला तर लगेच डॉक्टर गाठावा. ती काळजी कोणत्याही चाव्याला घ्यायचीच असते.

खरी भीती तोंडाकडून नाहीच, ती पाठीमागून आहे.

म्हणजे?

केस. खाजकुइलीची शेंग अंगाला लागलेल्यांना फार समजावून सांगायला नको.

या कोळ्याच्या पोटावर, वरच्या बाजूला, अगदी सूक्ष्म काटेरी केसांचा थर असतो. धोका वाटला की तो मागचे पाय पोटावर भराभर घासतो आणि हे केस धुरळ्यासारखे हवेत उडतात. प्रत्येक केसाला उलट्या दिशेने वळलेली बारीक कुसळं असतात, त्यामुळे तो कातडीत शिरला की आतच सरकतो. हातावर पडले तर खाज आणि पुरळ, तेही एक-दोन दिवसांत ओसरतं. नाकात गेले तर शिंकांची रांग. डोळ्यात गेले तर मात्र ते हसण्यावारी नेऊ नये. हे केस डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात रुततात आणि महिनोनमहिने दाह चालू राहतो. डोळा चोळायचा नाही, भरपूर पाण्याने धुवायचा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. कातडीवरचे केस चिकटपट्टी लावून उचलले तर बरेचसे निघतात. खाजवलं की ते आणखी आत जातात.

कोळ्याच्या पोटावर टक्कल दिसलं तर समजावं, स्वारीला अलीकडे बराच त्रास झाला आहे. गेलेले केस पुढच्या कातीबरोबर परत येतात.

घोड्याचं खूर गळून पडतं असं ऐकलं, खरं का?

मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत टॅरंटुलाला ‘पिकाकाबायो’ म्हणतात, घोड्याला चावणारा. समजूत अशी की हा कोळी घोड्याच्या पायाला चावतो किंवा त्यावर मुततो आणि मग खूर सुटून येतं. ओल्या चिखलात सतत उभ्या राहणाऱ्या जनावराचं खूर सडतं ते जंतूंमुळे. पण त्याच चिखलाच्या कुरणात रात्री मोठाले कोळी फिरताना दिसतात, मग आळ कोणावर घ्यायचा हा प्रश्नच उरत नाही. घोडा गमावलेल्या माणसाला जंतू दाखवता येत नाही, कोळी दाखवता येतो. या एका समजुतीपायी किती कोळी ठेचले गेले असतील याची गणती नाही.

त्याला स्वतःला कोणाची भीती?

सर्वांत जास्त एका गांधीलमाशीची. पेप्सिस नावाच्या प्रजातीतल्या या माश्या काळ्या-निळ्या, चकाकत्या, कित्येकदा नारिंगी पंखांच्या. मादी कोळ्याला बिळातून बाहेर काढते, पायांच्या मुळाशी नांगी मारते आणि कोळी जिवंत असतानाच लुळा पडतो. मग स्वतःपेक्षा कितीतरी जड ओझं ओढत ती त्याला भोकात नेते, त्याच्या अंगावर एकच अंडं घालते आणि तोंड बुजवते. अंड्यातून निघालेली अळी कोळ्याला खाऊ लागते आणि तो जास्तीत जास्त दिवस ताजा राहावा म्हणून महत्त्वाचे अवयव शेवटी ठेवते. ऐकायला अघोरी आहे, पण कोळी स्वतः रातकिड्याला विरघळवून पितो हेही लक्षात असू द्या.

कोआटी हा लांब नाकाचा, शेपटी उभारून टोळीने हिंडणारा प्राणीही कोळी उकरून खातो. त्याच्या नाकाला खाजरे केस सोसत नाहीत, म्हणून तो कोळ्याला आधी पंज्यांनी जमिनीवर घोळसतो. लाटणं फिरवावं तसं. केस झडले की जेवण तयार.

किती वर्षं जगतो?

इथे नर आणि मादी यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक. टॅरंटुलाच्या बऱ्याच जातींत माद्या १५-२० वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात. नर वयात आला की वर्ष-दीड वर्षात आटोपतो.

वाढायचं तर कात टाकावी लागते, कारण बाहेरचं कवच ताणत नाही. कोळी पाठीवर उताणा पडतो आणि काही तास तसाच राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेला. मग शिरोवक्षाची टोपी उघडते आणि तो आपल्याच अंगातून, हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय हळूहळू सोडवून घेतो. तुटलेला पायही कातीनंतर पुन्हा फुटतो, सुरुवातीला जरा बारीक. कवच घट्ट होईपर्यंत सुळेसुद्धा पांढरे आणि मऊ असतात, त्या काळात किडादेखील त्याला इजा करू शकतो.

मादी वयात आल्यावरही कात टाकत राहते आणि त्यात एक अजब हिशेब आहे. नराकडून मिळालेलं बीज ती ज्या पिशव्यांत साठवते, त्यांचं अस्तरही कातीबरोबर निघून जातं. जुना संसार कातीत गेला, आता नव्याने जोडीदार हवा.

नर कसा ओळखायचा?

बिळाबाहेर, उघड्यावर, लांब काटकुळ्या पायांनी भटकताना दिसला तर तो नर. वयात येण्याची शेवटची कात टाकली की त्याच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या हातांची टोकं बोंडासारखी होतात. जमिनीवर रेशमाचा छोटा मांडव घालून त्यावर तो आपलं बीज टाकतो, ते या बोंडांत भरून घेतो आणि घर सोडतो, कायमचं.

मग रात्रीमागून रात्री चालणं. मादीच्या दारातल्या रेशमावर पाय पडला की त्याला पत्ता लागतो. तो दारात पाय आपटून ताल धरतो, म्हणजे ‘मी भक्ष्य नाही’ असं आधीच कळवतो. मादी बाहेर आली आणि राजी असली तर काही क्षणांत काम आटोपून तो मागच्या पावली निसटतो. निसटणं नेहमी जमतंच असं नाही.

पिल्लांचं काय होतं?

मादी रेशमाची पोटली विणते, अंडी तीत ठेवते आणि बिळात बसून राखण करते. एका पोटलीत शेकडो अंडी असू शकतात. पिल्लं निघाली की काही दिवस आईच्या बिळात काढून पांगतात. त्यांतली मोठी होणारी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मुंग्या, बेडूक, सरडे, इतर कोळी, सगळेच टपलेले.

एक गोष्ट महत्त्वाची: पुष्कळ लहान कोळी रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून मैलोगणती उडत जातात. बिळात राहणाऱ्या या जड कुळातली पिल्लं बहुतेक वेळा चालतच जातात. म्हणजे आईच्या बिळापासून फार लांब वस्ती होत नाही. ही गोष्ट खाली पुन्हा कामाला येईल.

पाळता येतो का?

कोस्टा रिकातून उचलून आणता येत नाही, हे आधी. तिथला वन्यजीव संवर्धन कायदा, क्रमांक ७३१७, १९९२ पासून लागू आहे. परवान्याशिवाय जंगलातला प्राणी पकडणं, विकणं, देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. २०१२ मध्ये या कायद्यात बदल करून हौसेखातर शिकार करण्यावरही बंदी आली.

बंदिस्त जागेत जन्मलेले कोळी काही देशांत शौकिनांकडे असतात आणि ‘सांभाळायला अवघड’ अशी या जातीची त्यांच्यात ख्याती आहे. कारण एकच, उष्णता. इतर टॅरंटुलांना लोक पेटीखाली गरम पट्टी लावून ठेवतात. याला तीच पट्टी जीवघेणी ठरते. गारवा हवा, ओलावा हवा आणि शिवाय हवा खेळती हवी. गार आणि कोंदट झालं की बुरशी धरते, खेळतं ठेवलं की सुकतं. डोंगरावर वारा आणि ढग मिळून हे फुकट करतात, काचेच्या पेटीत ते रोज करत बसावं लागतं.

माझं मत विचाराल तर, ज्याचं घर म्हणजे एक हवामान आहे त्याला पेटीत ठेवण्याचा अट्टाहास कशाला?

हा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे का?

धोका कुठून येऊ शकतो हे सांगण्यासाठी आधी एका बेडकाची गोष्ट.

मोंतेवेर्देच्या माथ्यावर सोनेरी भेक राहायचा. नर झळझळीत नारिंगी, जणू कोणी रंगात बुडवून काढलेला. जे सॅव्हेज नावाच्या संशोधकाने १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. साऱ्या जगात त्याची जागा तेवढीच, तो एक माथा. १९८७ मध्ये तिथल्या डबक्यांशी दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. पुढच्या वर्षी त्या मुख्य डबक्यांपाशी एकच आला. १९८९ मध्ये पुन्हा एकच दिसला, तो शेवटचा. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

नेमकं कशाने, यावर बरीच वादावादी झाली. बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीजन्य रोग आणि १९८६-८७ चा कोरडा काळ, दोन्हींची नावं घेतली जातात. पण त्या शोधाशोधीत एक गोष्ट नजरेस आली. १९९९ मध्ये ॲलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवलं की कोरड्या ऋतूत धुकं नसलेल्या दिवसांची संख्या १९७० च्या दशकापासून वाढत गेली आहे आणि खालच्या उतारांवरचे पक्षी वर सरकत आहेत. ढग पूर्वीइतका खाली टेकत नाही. २००१ मध्ये रॉबर्ट लॉटन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा जोडला: वाऱ्याच्या वाटेतली पायथ्याची सखल जंगलं तोडली की तिथून वर जाणारी हवा जास्त गरम आणि कोरडी होते आणि डोंगरावरचा ढग उंच जातो. म्हणजे माथ्यावरचं झाड न तोडताही माथ्याचं जंगल बिघडवता येतं.

आता कोळ्याकडे या. पक्षी वर उडून जाऊ शकतो. कोळ्याची पिल्लं चालत जातात, आईपासून थोड्याच अंतरावर. तिलारान रांगेचा मोंतेवेर्देजवळचा सर्वांत उंच माथा १८४२ मीटरचा. त्याच्या वर फक्त ढग. सोनेरी भेकापेक्षा या कोळ्याची बाजू दोन बाबतींत बरी आहे: त्याला अंडी घालायला डबकं लागत नाही आणि बिळात खोल सरकून एखादा वाईट कोरडा आठवडा तो काढू शकतो. एखादा आठवडा, एखादा ऋतू. बीळ म्हणजे छत्री आहे, छप्पर नव्हे.

मग जंगल तरी सुरक्षित आहे का?

माथा बऱ्यापैकी. अमेरिकेतल्या अलाबामातून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी १९५१ मध्ये इथे वस्ती केली. कोस्टा रिकाने नुकतंच, १९४८ मध्ये, सैन्य मोडीत काढलं होतं आणि युद्ध नाकारणाऱ्या या लोकांना तेच हवं होतं. दुभत्यासाठी त्यांनी जमीन साफ केली, पण ओढ्यांच्या उगमाकडचं जंगल हात न लावता ठेवलं. १९७२ मध्ये राखीव क्षेत्र उभं राहिलं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी जंगल विकत घ्यायला पैसे गोळा करायला सुरुवात केली, त्यातून पुढे ‘बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस’, मुलांचं चिरंतन जंगल, उभं राहिलं. आज ते २२ हजार हेक्टरांहून मोठं आहे. देशाच्या पातळीवर १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला देण्याची सोय केली.

कुंपण जमिनीला घालता येतं. ढगाला घालता येत नाही.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर?

मोंतेवेर्दे भागात रात्रीच्या सफरी असतात, साधारण सहाच्या सुमारास, अंधार पडता पडता निघतात. वाटाड्याबरोबरच जावं. दोन पथ्यं पाळावीत. टॉर्चचा झोत बिळाच्या तोंडावर रोखून ठेवू नये, ती आत जाईल आणि मागच्यांना रिकामं भोक दिसेल. आणि काडीने डिवचून तिला बाहेर काढण्याचा आग्रह धरू नये. काही वाटाडे ते हौसेने करून दाखवतात, पर्यटक खूशही होतात. पण रोज रात्री दहा वेळा खोटी थरथर ऐकून धावत येणाऱ्या प्राण्याची शिकारीची वेळ त्यात जाते. एकदा नाही म्हणून पाहा, वाटाडेही ऐकतात.

काही न करता पाच मिनिटं अंधारात थांबलं तरी गुडघे परत येतात.

वाटेत समोरच आला तर?

तो नर असणार. घाईत असतो. थांबा, त्याला ओलांडू द्या. त्याच्या अंगावर वाकून फोटो काढायचा मोह झाला तर चष्मा असलेला बरा, केस आठवतात ना? रस्त्यावर गाडीखाली येईल असं वाटलं तर हातात घेऊ नका. टोपी किंवा वही पुढ्यात आडवी धरा आणि मागून काटकीने हलकेच सरकवा, तो स्वतः चढतो. उचललेल्या उंचीवरून पडला तर त्याचं पोट फुटतं, म्हणून वही जमिनीलगतच ठेवायची. आणि ज्या बाजूला तो निघाला होता त्याच बाजूला सोडायचा. उलट्या बाजूला सोडलात तर तो वळून तोच रस्ता पुन्हा ओलांडायला लागतो.